मिस कॉल उचलणारा फोन

घरी पडून असलेल्या माणसांना सांभाळायला बायका पुरवणं हा माझा धंदा. पंधरा वर्षं झाली. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली हेच ऑफिस. एक टेबल, एक लोखंडी कपाट, रजिस्टर आणि फोन. बायकांची नावं रजिस्टरात असतात, बोलण्यात त्यांची घरं. गंगापूर रोडवाली, सिडकोची दिवसपाळी, सिन्नरची चोवीस तास. त्यांना ते खटकत नाही. खटकत असलं तरी मला कोणी तसं म्हटलेलं नाही.

या कामात फोनवर बोलणं कमी आणि न बोलणं जास्त. बाई सकाळी ड्यूटीवर पोचली की ऑफिसच्या लँडलाइनवर मिस कॉल द्यायची. फोन एकदा वाजून बंद झाला, फोनशेजारच्या कॉलर आयडीच्या डबीवर नंबर दिसला, मी रजिस्टरात खूण केली, संपलं. संध्याकाळी सुटताना पुन्हा एक. आणि लागोपाठ दोन मिस कॉल म्हणजे, मला इथून काढा. तसं झालं की मी पाच मिनिटांच्या आत त्या घरी फोन करायचे आणि काहीतरी निमित्त सांगून बाईला बाहेर काढायचे. निमित्त बहुधा आधार कार्डाच्या झेरॉक्सचं. "तुमच्याकडच्या बाईंची झेरॉक्स राहिलीय, आज तपासणी आहे, तासाभरासाठी पाठवा." झेरॉक्सला कोणी नाही म्हणत नाही. काय झालं ते बाईला विचारायचं ती घराबाहेर पडल्यावर.

ही पद्धत मी बसवलेली नाही. फार पूर्वी एका बाईने घाबरून दोनदा फोन लावला आणि तोडला, मी नशिबाने बरोबर समजले, आणि मग ते एकीकडून दुसरीकडे पसरलं. पेशंटच्या नातेवाइकांसमोर उभं राहून त्यांच्याचविरुद्ध फोनवर बोलता येत नाही. वाजून थांबलेल्या फोनबद्दल मात्र कोणाला काही सांगावं लागत नाही. आता बहुतेकींच्या मोबाईलवर बोलणं फुकट असतं, तरी मिस कॉल चालूच राहिला तो यासाठी.

कुंभमेळ्याच्या कामांसाठी आमच्या कॉलनीबाहेरचा रस्ता खोदला तेव्हा लँडलाइनची तार तुटली. आठवडाभर फोन मुका. मग कळलं की तार पुन्हा जोडणार नाहीत, नंबर तोच राहील, पण फोन इंटरनेटवर घ्यावा लागेल.

तो बसवायला आलेले गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते. उमेदीची वर्षं खांबांवर चढून तारा जोडण्यात गेली, आता घरगुती ऑफिसांना इंटरनेटचे फोन बसवून देतात. रविवारी सकाळी आले आणि पिशवीतून एक पांढरी डबी आणि दोन फोन काढून टेबलावर ठेवले. एक फोन ऑफिसात, एक स्वयंपाकघरात, शिवाय माझ्या मोबाईलवर अ‍ॅप.

"ताई, जुना फोन म्हणजे बैल. जुंपला की चालला," ते म्हणाले. "हा तुम्ही सांगाल तसा वागतो. म्हणून आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय काय हवंय."

"सांगेल तसं वागणारं या घरात मी एकटाच होतो," माझे यजमान आतून म्हणाले. "बरं झालं, जोडीला कोणी आलं."

मला असली कामं आवडतात. रात्री बसून मी यादीच केली होती. नवीन पार्ट्यांचे, म्हणजे पेशंटच्या घरच्यांचे फोन, चालू पार्ट्यांच्या तक्रारी, कामासाठी विचारणाऱ्या बायका, डॉक्टरांकडून येणारे फोन. ऑफिसला येणारा प्रत्येक प्रकारचा फोन त्या कागदावर होता, असं मला वाटत होतं. मिस कॉल त्यात नव्हता. मिस कॉलला मी फोन धरतच नव्हते. तो उचलायचाच नसतो.

ते एकेक विचारत गेले, मी फटाफट उत्तरं देत गेले. नवीन बाई हवी असेल तर एक, चालू ड्यूटीबद्दल दोन, काम हवं असेल तर तीन. फोन धरून थांबलेल्या माणसाला बासरी ऐकवायची का, तर नको, तो आणखी चिडतो. कॉल रेकॉर्ड करायचे का, तर हो, पार्ट्या बोललेलं फिरवतात. पासवर्ड कोणाकडे ठेवायचा, तर तुमच्याकडेच, मी विसरेन.

"किती रिंग वाजल्यावर उचलायचं?" त्यांनी विचारलं.

"वाजूच देऊ नका. लगेच उचला. पेशंटच्या घरचे लोक थांबत नाहीत, दुसऱ्या ब्यूरोला लावतात."

"पहिल्या रिंगला उचलतो."

"पहिल्याच्याही आधी जमलं तर बघा."

त्यांना ते आवडलं. "ताईंना धंदा कळतो," असं ते यजमानांना म्हणाले. मग माझ्या आवाजात स्वागताचा निरोप रेकॉर्ड केला. तीनदा चुकला. त्यातला एक कुकरच्या शिट्टीने घालवला. चौथा नीट झाला. 'नमस्कार, आपण केलेल्या फोनबद्दल आभारी आहोत,' इथपासून सुरुवात. मी मोबाईलवरून लावून ऐकला आणि मला तो फार चांगला वाटला. मोठ्या ऑफिसातल्यासारखा.

सोमवारी सकाळी आठ वाजले, सव्वाआठ झाले, एकही मिस कॉल नाही. साडेआठपर्यंत रजिस्टर कोरं. माझ्या अकरा बायका दिवसपाळीला जातात. अकराच्या अकरा एकाच दिवशी दांडी मारणार नाहीत. मी अकरा घरांना फोन लावले. बाई आलीय का, असं ऑफिसनेच विचारल्यावर घरं साहजिकच वैतागली. "तुम्हालाच माहीत नाही का, तुमची बाई कुठंय?" आणि सगळ्या बाया वेळेवर पोचल्या होत्या.

मग एकेकीचे फोन मोबाईलवर यायला लागले. पहिली गंगापूर रोडवाली.

"मॅडम, तुम्हाला आज काही काम नाही का?"

"का गं?"

"मिस कॉल उचलता? आणि उचलून भाषण करता?"

सिडकोची म्हणाली, "मी म्हटलं मॅडमनी निवडणुकीचा फॉर्म भरला की काय." तिसरीने तर माझ्या नमस्काराला उलट नमस्कार केला होता आणि पुढे मी तिचं काहीच ऐकून घेत नाही म्हणून रागावली होती.

हसू आलं, पण काय झालंय ते तेव्हाच कळलं. फोन वाजायच्या आत यंत्र उचलत होतं. मी सांगितल्याप्रमाणे. म्हणजे एक मिस कॉलही नाही आणि दोनही नाहीत. मी बसवणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. ते मालेगावात होते, एका कापडाच्या कारखान्यात वीस फोन बसवायला, बुधवारी परतणार होते.

"मला पासवर्ड सांगा, मी करते," मी म्हटलं.

"ताई, पासवर्डाबरोबर ओटीपीचा मेसेज माझ्या दुसऱ्या नंबरावर येतो. ते सिम घरी आहे. तुम्ही कंपनीला फोन करा, ते करून देतील."

मागे यंत्रमागांचा आवाज इतका होता की यापुढचं काही ऐकू आलं नाही.

कंपनीच्या फोनवर मला बासरी ऐकावी लागली. मग एक मुलगी हिंदीत म्हणाली की तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत होईल. मी म्हटलं, मला फक्त एक आकडा बदलून हवाय. तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मी सरळ पांढऱ्या डबीची वायर काढली. भिंतीतली पिनसुद्धा काढली. निदान फोन लागणार तरी नाही, बायका मोबाईलवर करतील. खात्री करायला मोबाईलवरून ऑफिसचा नंबर लावला. नमस्कार, आपण केलेल्या फोनबद्दल आभारी आहोत. वायर माझ्या हातात होती. निरोप डबीत नव्हताच, तो कंपनीच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर होता आणि तिथली वायर काढायला मला कोणी बोलावणार नव्हतं.

यजमान पेपर खाली ठेवून म्हणाले, "माझा तरी आवाज बंद करता येतो तुला."

मी सगळ्या बायकांना फोन करून सांगितलं, बुधवारपर्यंत जे काय ते माझ्या मोबाईलवर. एकही आणि दोनही. सगळ्यांना सांगून झालं, एक राहिली. सिन्नरची चोवीस तास.

तिला सकाळ-संध्याकाळचा मिस कॉल नसतो, ती तिथेच राहते. एका म्हाताऱ्या आजींना सांभाळायला महिनाभरापूर्वी मी तिला ठेवलं होतं. घरात आजींचा मुलगा आणि सून. सून आठवड्यापासून माहेरी गेली होती. सिन्नरवालीचा मोबाईल बंद लागला. दुपारी पुन्हा बंद. बंद करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवत असेल, चोवीस तासवाल्या बायकांचं तसंच असतं. म्हणून मी त्या घरी फोन केला. मुलाने उचलला.

"त्या आईला पुसून काढतायत. काही निरोप?"

"त्यांना एवढंच सांगा, ऑफिसचा फोन बिघडलाय. काही लागलं तर माझ्या मोबाईलवर करा."

"ऑफिसचा फोन बंद. मोबाईलवर करा. सांगतो ना, मॅडम."

चांगला बोलला. मी रजिस्टरात तिच्या नावापुढेही बरोबरची खूण केली.

मंगळवारी दुपारी चार वाजता कंपनीच्या त्याच मुलीने सांगितलं की तक्रार पुढे पाठवायला कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लागेल. म्हणून मी दोन दिवसांत पहिल्यांदा ते अ‍ॅप उघडलं. वरून चौथ्या-पाचव्या ओळीत सिन्नरवालीचा नंबर होता. बारा पन्नासचा कॉल, नऊ सेकंदांचा. त्याच्या वरच्या ओळीत बारा एक्कावन्नचा, एक मिनिट चार सेकंदांचा.

लागोपाठ दोन. तीन तासांपूर्वी.

तिचा मोबाईल बंद. घरी लावला. मुलगा म्हणाला, "त्या गेल्या मॅडम. न सांगता. आईला तशीच टाकून. तुम्ही जबाबदार ब्यूरो म्हणता ना स्वतःला?"

"कुठे गेल्या?"

"ते तुम्ही मला सांगायचं."

तिची बहीण पंचवटीत राहते, तिचा नंबर रजिस्टरात होता. बहीण म्हणाली, "नाय आली इकडं. काय झालं मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, आली की कळवा. असं म्हणणं चूक होतं, पण खरं सांगायला माझ्याकडेही काही नव्हतं. पोलिसांना काय सांगायचं तेही सुचेना. एक मोठी बाई दिवसाढवळ्या एका घरातून निघून गेली, एवढंच.

लॉगमधल्या त्या ओळीशेजारी एक छोटा त्रिकोण होता. रेकॉर्डिंग ऐकण्याचा. मीच हो म्हटलं होतं. दाबला.

पहिल्यात माझा नमस्कार सुरू होतो आणि फोन कटतो. दुसऱ्यात माझा नमस्कार सुरू होतो आणि त्याच्या खालून ती हळू आवाजात बोलते. "मॅडम, घरी फोन लावा ना." माझा आवाज तिला सांगतो, नवीन सेविका हवी असल्यास एक दाबा. ती म्हणते, "मॅडम, ऐका ना. हे लय जवळ येऊन बसतेत. कालपासून." मी सांगते, चालू ड्यूटीबद्दल दोन दाबा. ती म्हणते, "मॅडम, मी बोलतेय, ऐकू येतंय का." मी काम हवं असल्यास तीन दाबा म्हणते आणि मग सगळं पहिल्यापासून म्हणायला लागते. मग पुरुषाचा आवाज, "कोणाशी चाललंय?" काही सेकंद माझंच बोलणं. त्याने फोन कानाला लावला असणार, कारण त्याचं हसणं अगदी जवळून येतं. "अगं, ही मशीन आहे," तो म्हणतो. "मशीनला काय सांगतेस?" तिथे संपतं.

मी ते दोनदा ऐकलं. यजमानांनी एकदा ऐकलं आणि गाडीची किल्ली घेतली.

सिन्नरला जाताना दर पाच मिनिटांनी मी तिचा मोबाईल लावत होते. यजमान एकदाच बोलले, "पोलीस?" मी म्हटलं, आधी ती सापडू दे. शिंदे गावच्या पुढे बहिणीचा फोन आला. आली, जीपने द्वारका चौकापर्यंत, तिथून चालत. तिला काही झालेलं नाही, असं बहीण म्हणाली, मग थांबून म्हणाली, "तसं काही झालं नाय." चप्पल नव्हती पायात. मागच्या दारी भांडं रिकामं करायला जाते म्हणून निघाली ती थेट रस्त्याला लागली. कमरेच्या पिशवीत जीपपुरते पैसे होते. मोबाईल तिथेच राहिला होता, बॅगही.

मग आम्ही परत का फिरलो नाही, तर ती बॅग आणि त्या आजी. मुलाने दार उघडलं, या म्हणाला, चहा घेणार का म्हणाला. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, चादर ओली. मी आणि यजमानांनी मिळून त्यांना कोरडं केलं, कुशीवर वळवलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"मी निरोप दिला होता तुमच्याकडे," मी म्हटलं.

"कामाच्या गडबडीत राहिलं, मॅडम."

"माझ्याकडे तुमचा आवाज आहे."

"काय म्हणतो मी त्यात?" त्याने खरोखरच विचारलं. कोणाशी चाललंय आणि ही मशीन आहे, एवढंच तो म्हणतो. मोबाईल आणि बॅग घेतली. त्याच्या बायकोला तिच्या माहेरी मी तिथूनच, त्याच्यासमोर फोन केला आणि आजच्या आज या म्हटलं, का ते आल्यावर सांगेन. ती रात्री पोचली असं नंतर कळलं. आजींसाठी मी दुसरी बाई पाठवली नाही. त्या घरी कोणाला पाठवण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळी बॅग घेऊन पंचवटीत गेले. बहिणीचं घर वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून. सिन्नरवाली भाजी निवडत बसली होती. मी येताच उठायला लागली, मी बस म्हटलं. नवीन चपला कोपऱ्यात होत्या, बहिणीच्या असाव्यात.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तो फोन, तो निरोप, रिंग. चूक माझी, हेही सांगितलं. तिने मेथीची काडी मोडत सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही उचलला म्हणून मी थांबले," ती म्हणाली. "वाजून बंद झाला असता ना, तर मी समजले असते, आता येईल फोन. मी आजीपाशी जाऊन बसले असते गप. तुम्ही उचलला, तर मी बोलत बसले. त्यात तो आला."

"आता तसं होणार नाही. आज ते दुरुस्त करतायत. सहा रिंग वाजतील."

"बाकीच्यांना सांगा ते," ती म्हणाली. "मी नाय येत आता."

बहीण म्हणाली की खालच्या गल्लीतल्या खानावळीत पोळ्या लाटायला बाई हवी आहे, उद्यापासून जाते ती. मी म्हटलं, इथे नाशकातच दिवसपाळी देते, दोन बायका असतील अशा घरी. ती नको म्हणाली. मी म्हटलं, तक्रार करायची असेल तर मी येते बरोबर, रेकॉर्डिंग आहे. तेव्हा तिने भाजी खाली ठेवली.

"त्यात माझा आवाज हाय?"

"आहे."

"अन् त्याचा?"

"त्याचाही."

"कोण कोण ऐकलंय?"

"मी. साहेबांनी एकदा."

"अन् ते फोन बसवणारे?"

त्यांनाही ऐकता येतं, कंपनीलाही. मी खरं सांगितलं. बहीण स्टोव्हपाशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही.

"तक्रार नाय करायची," सिन्नरवाली म्हणाली. "पुसून टाका ते मॅडम. माझ्यासमोर पुसा."

ते ठेवावं असं मला वाटत होतं. उद्या त्याने काही कांगावा केला तर तिच्या बाजूने तेवढंच होतं. मी तसं म्हणून पाहिलं. तिने मान हलवली. आवाज तिचा होता. मी अ‍ॅप उघडलं, ती ओळ शोधली, त्रिकोणाशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. पुसा, असा शब्द होता, पण फिका. दाबला तर खाली पट्टी आली की या खात्याला हा अधिकार नाही. पुन्हा दाबला. पुन्हा तीच पट्टी. तिथूनच मी त्या गृहस्थांना फोन लावला. ते मालेगावहून निघाले होते. म्हणाले, "ताई, रिंग मी आत्ता आल्या आल्या बदलतो. रेकॉर्डिंग मात्र कंपनी नव्वद दिवस ठेवतेच. आपल्याला हात लावता येत नाही."

स्पीकर चालू नव्हता, पण खोली लहान होती.

"झालं का?" तिने विचारलं.

"नाही झालं," मी म्हटलं. "नव्वद दिवस राहील."

तिने बॅग स्वतःकडे ओढली, चेन उघडून आतल्या दोन साड्या, कागदांची प्लास्टिकची पिशवी, तेलाची बाटली बाहेर काढून बघितली, सगळं आहे ना ते, आणि परत आत ठेवलं. मग बहिणीला म्हणाली, "मॅडमला चहा दे." चहा होईपर्यंत ती उरलेली मेथी निवडत बसली.